टणक लाकूड आणि वाड्याचे सागवान



गेल्या काही वर्षांत आमच्या स्वारगेटच्या आसपास एक नवा शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. तो म्हणजे 'मेपल'. शंकरशेट रस्त्याने सेव्हन लव्हज चौकाकडे निघा, नाहीतर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात शिरा, प्लायवूड आणि लॅमिनेटच्या दुकानांतून तो कानावर येतोच. मेपल शेड, मेपल फिनिश, इंपोर्टेड हार्ड मेपल. मध्यंतरी आमच्या कुटुंबाच्या बैठकीतही हा शब्द येऊन बसला. विषय होता शुक्रवार पेठेतल्या आमच्या सासरच्या वाड्याच्या पुनर्विकासाचा. बिल्डरने दिलेल्या कागदांत नव्या स्वयंपाकघरांसाठी 'मेपल फिनिश कॅबिनेट' असे छापले होते. पुतण्या मोठ्या उत्साहाने म्हणाला, "काकू, हार्ड मेपल सागवानापेक्षाही टणक असतं. मी नेटवर बघितलंय. आता सागवानाचं कौतुक पुरे!"

त्याने वाचले ते खरे आहे. पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. आयुष्यभर शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला, त्यामुळे अर्धवट उत्तराला पूर्ण मार्क देण्याची सवय नाही. म्हणून या विषयावर जरा वाचले, दोन-चार जाणकारांना विचारले, टिंबर मार्केटात एक-दोन चकरा मारल्या. त्यातून माझे जे मत झाले ते आज मांडते आहे. घरातली मंडळी वाचतीलच, आणि इतरही अनेकांचे वाडे सध्या याच वाटेवर आहेत.

मत थोडक्यात असे, की कोणते लाकूड टणक हा प्रश्न अपुरा आहे. लाकूड कशासाठी हवे आहे हे आधी विचारावे. आणि हा प्रश्न नीट विचारला, तर आपल्या जुन्या वाड्यांतले सागवान आपण ज्या बेफिकिरीने घालवतो आहोत, ते आपल्या लक्षात येईल.

आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ. हार्ड मेपल म्हणजे उत्तर अमेरिकेतला साखरेचा मेपल. कॅनडाचा पूर्व भाग आणि अमेरिकेचा ईशान्य भाग हे त्याचे माहेर. हिवाळा संपता संपता, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब असे दिवस आले, की त्याच्या बुंध्याला भोक पाडून रस काढतात. तो आटवून मेपल सिरप करतात. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा कुठे १ लिटर सिरप मिळते. आपल्या गुऱ्हाळाचीच रीत म्हणा ना, फक्त उसाच्या जागी झाड. कॅनडाने १९६५ साली आपल्या झेंड्यावर मेपलचे पान घेतले. काश्मीरची सहल करून आलेले आपले लोक चिनाराचे पान दाखवून "हेच ते मेपल" असे सांगतात, ते मात्र खरे नाही. पान दिसायला सारखे असले तरी चिनार वेगळ्या कुळातला. मेपलची आपली भावंडेही हिमालयात आहेत, पण बाजारात 'हार्ड मेपल' म्हणतात तो हा साखरेचाच.

मेपल नावाच्या सगळ्याच झाडांचे लाकूड टणक नसते, हेही सांगायला हवे. बाजारात 'सॉफ्ट मेपल' म्हणूनही माल असतो. तो तांबड्या किंवा रुपेरी मेपलचा, आणि टणकपणात बराच खालचा.

आता हा टणकपणा मोजतात कसा? पद्धत सोपी आहे. सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत दाबायची आणि त्यासाठी किती जोर लागला ते मोजायचे. या कसोटीला जांका कसोटी म्हणतात. हार्ड मेपलला सुमारे १४५० पौंड जोर लागतो. सागवानाला साधारण १००० ते ११००. म्हणजे पुतण्याचा आकडा बरोबर. पण ही कसोटी फक्त एवढेच सांगते, की वरून दाब आला तर लाकडाला खड्डा किती सहज पडतो. ते पावसात किती टिकेल, वाळवी त्याला खाईल का, उन्हाळ्यात त्याला भेगा पडतील का, याबद्दल ही गोळी काहीच बोलत नाही. गणितात शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून मुलाला गाताही येत असेल असे आपण म्हणतो का?

खड्डा पडू नये हीच जिथे मुख्य गरज, तिथे मात्र हार्ड मेपलला तोड नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची बहुतेक मैदाने याच लाकडाची. चेंडू सारखा आदळतो, खेळाडू उड्या मारतात, बूट घासले जातात, तरी पृष्ठभाग सपाट राहतो. बोलिंगच्या जुन्या लाकडी पट्ट्यांतही चेंडू जिथे पडतो तो सुरुवातीचा भाग आणि जिथे पिना उभ्या असतात तो शेवटचा भाग मेपलचा करत, मधला भाग पाइनसारख्या नरम लाकडाचा. बघा, एकाच पट्टीत दोन लाकडे! ज्याला मार खायचा त्याला टणक, ज्याच्यावरून चेंडू नुसता घरंगळायचा त्याला नरम चालले. करणाऱ्याला ही समज होती.

दुसरा गुण त्याच्या बारीक, एकसारख्या पोताचा. सागवानाची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात, मेपलची दिसत नाहीत. शिवाय त्याला विशेष वास नाही, चव नाही. म्हणून तिकडे भाजी चिरायचे पाट, लाटणी, खाटकाचे ठोकळे हार्ड मेपलचे करतात. टोरांटोजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीने मागच्या खेपेस असा एक पाट मला आणून दिला. रोज वापरते. उत्तम आहे. सागवानात वाळूसारखा एक बारीक अंश असतो, सिलिका म्हणतात त्याला. त्याने सुरीची धार लवकर जाते. सुतारांच्या रंध्याची आणि करवतीची धार सागवानावर लवकर बोथटते तीही यामुळेच. म्हणजे चिरायच्या पाटापुरते पुतण्याचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते.

लाकडी पाट अस्वच्छ आणि प्लॅस्टिकचा स्वच्छ, अशी एक समजूत आपल्याकडेही आली आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत डीन क्लायव्हर नावाच्या प्राध्यापकांनी यावर प्रयोग केले. लाकडात शिरलेले जंतू आत वाढत नाहीत, हळूहळू मरतात, आणि सुरीच्या चरांनी भरलेला प्लॅस्टिकचा पाट हाताने घासून सहज निर्जंतुक होत नाही, असे त्यांना आढळले. अर्थात पाट धुवून उभा वाळवायला हवा. आमच्या सासूबाई पोळपाट-लाटणे धुतल्यावर उन्हात उभे करत. त्यांनी कुठला प्रयोग वाचला नव्हता.

तिसरा उपयोग आपल्या कानांच्या ओळखीचा आहे. व्हायोलिनचा वरचा पडदा स्प्रूसचा आणि पाठ, बाजू, मान मेपलची, ही युरोपातली जुनी परंपरा. (तो मेपल युरोपातला, अमेरिकेतल्या साखरेच्या मेपलचा चुलतभाऊ.) तारा ज्याच्यावर टेकतात ती घोडीही मेपलची. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या वादनाने ज्यांचे कान घडले, त्यांनी मेपलचे नाव माहीत नसतानाही मेपल ऐकले आहे. सवाई गंधर्व महोत्सव आता आमच्या मुकुंदनगरात भरतो. तिथे एकीकडे मेपलच्या पाठीचे व्हायोलिन वाजते आणि मागे मिरजेचे तंबोरे झंकारत असतात. त्या तंबोऱ्यांचा दांडा असतो तूण नावाच्या हलक्या लाकडाचा आणि खाली असतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तूण काही टणक नाही आणि भोपळा तर लाकूडच नाही. पण सुरांना जे हवे ते त्यांच्यात आहे. तिथे कुणी पोलादी गोळी घेऊन जात नाही.

खेळातही तेच. क्रिकेटची बॅट विलोची, म्हणजे हलक्या आणि नरम लाकडाची. स्टंप मात्र अॅशचे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पूर्वी अॅशच्या बॅटी असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेपलच्या बॅटी आल्या, आणि २००१ साली बॅरी बाँड्सने मेपलच्या बॅटीने एका हंगामात ७३ होमरन मारल्यावर सगळे तिकडे धावले. मग लक्षात आले, की मेपलची बॅट मोडते तेव्हा तिचे मोठे टोकदार तुकडे दूर उडतात. २००८ साली या प्रकाराची चौकशी करावी लागली आणि बॅटीच्या लाकडाचे धागे सरळ आहेत की नाही हे शाईचा ठिपका देऊन तपासण्याचा नियम झाला. टणकपणाची ही दुसरी बाजू.

आपला मल्लखांब घ्या. बाळंभट्टदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस ज्याला नवे रूप दिले तो मल्लखांब सागवानाचा किंवा शिसवीचा करतात. त्याला एरंडेल चोळतात. अंगाचा घाम, तेल, वर्षानुवर्षांची घासट, हे सगळे त्या लाकडाला सोसायचे असते. सागवान मुळात तेलकट, सोशिक. निवड किती विचारपूर्वक झाली असेल!

आता हार्ड मेपलच्या उण्या बाजू बघू. पहिली म्हणजे वाळवी आणि बुरशी. मेपलचे जे पांढरे-पिवळसर लाकूड आपल्याला आवडते, ते बहुतांशी सालीलगतचे लाकूड असते. त्यात कीड, बुरशी यांना रोखणारे द्रव्य जवळजवळ नाहीच. ओलाव्याच्या जागी, जमिनीला टेकून ते टिकत नाही. सागवानाच्या गाभ्यात मात्र असे तेलकट द्रव्य भरपूर असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सहसा हा शब्द मुद्दाम लिहिला. सागवानाच्याही सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी लागते, आणि हल्ली लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात तो पांढरा भाग बराच असतो.

दुसरी उणीव हवामानाची. आमच्या वाड्याची डागडुजी करणारे म्हातारे मिस्त्री म्हणत, "बाई, लाकडाला ऋतू कळतो." एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि जुलैत इतकी दमट की मिठाला पाणी सुटते. लाकूड या ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत हार्ड मेपल रुंदीत सुमारे १० टक्क्यांपर्यंत आकसते, सागवान ५ ते ६ टक्के. जरा गणित करू. लाकडाच्या आतला ओलावा ऋतूबरोबर ६ टक्क्यांनी वरखाली झाला असे धरा आणि सर्वात जास्त हलणाऱ्या बाजूचा हिशेब घ्या. १० सेंटिमीटर रुंदीची मेपलची फळी सुमारे २ मिलिमीटर हलेल, सागवानाची सव्वा मिलिमीटरच्या आत. फरक क्षुल्लक वाटतो. पण १० फुटी खोलीत अशा ३० फळ्या बसतात. तीस गुणिले दोन, म्हणजे ६ सेंटिमीटर! हा आकडा ढोबळ आहे. पॉलिशमुळे ओलावा हळू शिरतो आणि फळ्या एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढी हालचाल होत नाही. पण तो जोर कुठेतरी निघणारच, भेगांतून नाहीतर फुगवट्यांतून. म्हणून बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला मोकळी जागा सोडतात आणि आतली हवा यंत्राने काबूत ठेवतात. आपण दहा बाय दहाच्या खोलीत आषाढातही खिडक्या उघड्या टाकून बसणारी माणसे.

सागवानाला आपल्या पूर्वजांनी मान दिला तो याच कारणांसाठी. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि १७३२ साली वास्तुशांत. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. १८०७ साली पुरा झालेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे कोरीव खांब सागवानाचेच. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली मलबारच्या सागवानाची बनली आणि ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे जपून ठेवली आहे. दोनशेहून अधिक वर्षे झाली! ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, सागवानाचे तेल त्यांना सांभाळते, हेही एक कारण त्या वेळच्या जहाज बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आणि हे सगळे इतिहासजमा झालेले नाही. २०२३ साली उघडलेल्या संसदेच्या नव्या इमारतीसाठी सागवान नागपूरकडून गेले, आणि अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून.

सागवान अमर आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागून सात दिवस जळत होता, हे आपण चौथीत शिकवतो. टिंबर मार्केटला २०२३ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीचा धूर आमच्याकडच्या पुष्कळांना आठवत असेल. लाकूड ते लाकूड, जळणारच. एवढे खरे, की जाडजूड तुळई बाहेरून कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही वेळ सांभाळतो. पातळ फळ्या नि प्लाय भसकन पेटतात.

आणखी एक सांगावेसे वाटते. मेपल आणि सागवान या दोघांच्या भांडणात आपली घरची लाकडे आपण विसरून गेलो आहोत. टणकपणाच हवा असेल तर अंजनाचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असते. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, कारण धक्का सोसायचा असतो. ('कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण वर्गात शिकवताना दांडा कोणत्या झाडाचा, असे एका मुलाने विचारले होते. हुशार मुलगा!) मुसळाला खैर, कोकणात पाटाला फणस, सावंतवाडीच्या खेळण्यांना हलका पांगारा. आणि हेदू, ज्याला हळदू असेही म्हणतात, ते तर पिवळसर, बारीक पोताचे, एकसारखे लाकूड. फण्या, गिरण्यांतल्या बॉबिन, कातकाम यांसाठी ते वापरत आले. तिकडे मेपलने जी कामे केली त्यांतली बरीच इकडे हेदूने केली. पण 'हेदू फिनिश' असे कुठल्या दुकानात कधी ऐकले आहे का?

फिनिश शब्द आला म्हणून दुकानात जाणाऱ्यांसाठी चार शब्द. 'मेपल' म्हटले की तीन वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. एक, अखंड लाकूड. दोन, व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा दुसऱ्या फळीवर चिकटवलेला. तीन, लॅमिनेट, म्हणजे लाकडाचा छापील फोटो, राळेत दाबून बसवलेला, खाली भुश्याची फळी. 'मेपल फिनिश' हे बहुतेक वेळा तिसरे असते. त्यात मेपलचा अंशही नसतो, नुसता रंग असतो. दिसते तसे नसते म्हणून जग फसते! ओळखायचे कसे? कड बघावी. वरची रेषा कडेवरून खाली उतरलेली दिसली तर अखंड लाकूड. तीच गाठ, तीच नक्षी हातभर अंतरावर पुन्हा पुन्हा आली, तर छापील. लॅमिनेट वाईट असे नाही. पुसायला सोपे, स्वस्त. माझ्या स्वतःच्या ओट्याखाली तेच आहे. पण दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

आता आमच्या वाड्याकडे येते, कारण हे सगळे लिहायला बसले ते त्यासाठीच. करारात एक ओळ आहे: पाडकामातून निघणारा सर्व माल विकासकाच्या मालकीचा राहील. बस, एवढीच. त्या 'माल' शब्दात काय काय आहे ते मी धाकट्या भावजींना बरोबर घेऊन, टेप लावून मोजले. ८ इंची चौरस, ९ फूट उंचीचे १४ खांब, म्हणजे प्रत्येकी ४ घनफूट, एकूण ५६. १० बाय ८ इंची, १२ फूट लांबीच्या १२ तुळया, म्हणजे ८०. कडीपाटाच्या ४ इंची, ८ फुटी ९० कड्या, त्याही ८०. एकूण २१६ घनफूट. दिंडी दरवाजा, चौकटी, फडताळे, जिना वेगळाच. खिळ्यांची भोके, भिंतीत कुजलेली टोके वजा करून निम्मे वापरण्याजोगे धरले, तरी शंभर घनफुटांच्या वर जुने, पक्के वाळलेले, गाभ्याचे सागवान. आज बाजारात चांगल्या सागवानाचा घनफुटाचा भाव हजारांत आहे. म्हणजे काही लाख रुपये एका ओळीत निघून गेले. आणि त्याच कराराच्या मागच्या पानावर आम्हाला काय मिळणार? छापील मेपल!

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. ब्रह्मदेशाने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता आपल्याकडे येणारे पुष्कळसे सागवान आफ्रिकेतल्या नि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचे, कमी वयाचे. आमच्या तुळया ज्या झाडांच्या, ती झाडे तोडली तेव्हाच चांगली वाढलेली असणार, आणि त्यानंतर शंभरावर पावसाळे-उन्हाळे या लाकडाने घरात काढले आहेत. जे हलायचे, आकसायचे ते केव्हाच झाले. असे लाकूड पैसे देऊनही सहज मिळत नाही. १९६१ साली पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. ते पाण्याने नेले. हे आपण सह्या करून देतो आहोत.

घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे मला कळते. वाडा पडायला आला आहे, जिना धोकादायक आहे, चार वाटेकरी, दोन भाडेकरू, एक नळ. पुनर्विकास व्हायलाच हवा, माझी सही पहिली असेल. जाऊबाई म्हणतात, "एवढं लाकूड ठेवायचं कुठे? करवतायचं कुणी? त्यात खिळे असले तर करवतीचं पातं जातं, गिरणीवाले घेत नाहीत." तेही खरे आहे. जुन्या लाकडातून खिळे शोधून काढायला माणूस लागतो, मजुरी लागते, आणि फ्लॅटमध्ये तुळई काही उभी करता येत नाही.

पण यावर उपाय आहेत, आणि ते सह्या होण्याआधीच करायचे असतात. पहिला, लाकडाची मोजणी करून यादी कराराला जोडावी आणि 'माल' या शब्दातून लाकूड वेगळे काढावे. दुसरा, प्रत्येक वाटेकऱ्याला हवे तेवढे लाकूड घेऊ द्यावे. दोन तुळयांतून एक जेवणाचे टेबल होते, कड्यांतून देव्हारा आणि पुस्तकांचे कपाट होते. तिसरा, उरलेले लाकूड विकासकाला द्यायचे तर किंमत ठरवून द्यावे, फुकट नको. नाहीतर टिंबर मार्केटातल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यालाच दाखवावे, तो स्वतः येऊन मोजून नेतो. चौथा, नव्या इमारतीच्या दरवाजांच्या चौकटी तरी याच लाकडाच्या करून द्याव्यात अशी अट घालावी. पावसाळ्यात न फुगणारी चौकट कुणाला नको आहे? आणि स्वयंपाकघरात छापील मेपल बसवायचे तर खुशाल बसवा, माझी काही हरकत नाही.

पुतण्याला मी एवढेच म्हटले, "बाळा, मेपलचा पाट मी वापरते, मला तो आवडतो. पण ज्या लाकडाने आपल्या चार पिढ्यांचं ओझं डोक्यावर घेतलं, त्याला करारात राडारोडा म्हणू नकोस." तो हसला. पण मोजणीचा कागद मात्र त्याने मागून घेतला आणि रात्री बसून संगणकावर नीट तक्ता करून पाठवला. त्यात जिन्याच्या पायऱ्याही मोजल्या होत्या, ज्या आम्ही धरल्याच नव्हत्या. एकूण आकडा त्यामुळे थोडा वाढला आहे!

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. वासे जागच्या जागी असतात, फिरतो तो आपला हिशेब. आपल्याकडे काय आहे हे मोजल्याशिवाय कागदावर सही करू नये, मग ते लाकूड असो, जमीन असो की आणखी काही. ही गोष्ट मी वर्गात कधी शिकवली नाही, कारण ती भूगोलात बसत नव्हती आणि मराठीतही. म्हणून इथे लिहिली.

आमच्या सह्या अजून व्हायच्या आहेत. पुढची बैठक येत्या पंधरवड्यात आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या वाड्याचे लाकूड असे करारात लिहून घेतले असेल, तर शब्द नेमके काय वापरले ते मला जरूर कळवा. आणि कुणाच्या घरी हेदूची जुनी फणी असेल तर तिचा फोटो पाठवा. मला ती नातवंडांना दाखवायची आहे.